वकीलसाहेबांच्या फडताळातला कागद

मित्रांनो, मी एक जुना छापील कागद आहे. अकोल्याच्या एका साप्ताहिकातलं 'भगिनींसाठी' हे पान. माझ्यावर तेलाचे डाग आहेत, एक कोपरा झुरळांनी खाल्ला आहे. त्याचं मला काही नाही. मला शिसारी येते ती माझ्यावर छापलेल्या शब्दांची. ते खोटे नव्हते, म्हणून तर जास्तच.

देश स्वतंत्र होऊन चार वर्षं होत आली होती. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. पहिल्या मोठ्या मतदानाच्या याद्या होत होत्या. पायाने चालवायच्या यंत्रावर मी छापला गेलो. लेख होता वकील कमलाकांत यांचा. 'भगिनींनो, स्वतःचे नाव सांगा! अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद चालणार नाही. ती ओळ खोडली जाईल आणि तुमचे मत बुडेल.' वाचनालयात माझी केवढी वाहवा झाली! "लेखणी आहे की तलवार," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. मी फुगलो. तिथे एकही बाई नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वकीलसाहेबांनी मला कौतुकाने घरी नेलं. तिसऱ्याच दिवशी शाळेचे मास्तर यादी घेऊन ओसरीवर आले.

"साहेब, बाईसाहेबांचं नाव?"

वकीलसाहेब सुपारी कातरत होते. "लिहा, कमलाकांत वकिलांच्या पत्नी."

"नाव लागतं, साहेब. तुम्हीच तर पेपरात..."

"ते साध्यासुध्या बायकांसाठी हो, मास्तर. चांगल्या घरच्या बाईचं नाव असं ओसरीवर पुकारायचं?"

मी त्यांच्या पानाच्या डब्याखालीच होतो. दाराआड त्यांच्या पत्नी विमलबाई उभ्या होत्या. तान्ह्या चारुशीलेला थोपटणारा त्यांचा हात तेवढा थांबला. मास्तरांनी निमूट लिहिलं. मला माझ्याच शाईची किळस आली.

दुपारी विमलबाईंनी मला उचललं. मुलीला पाजता पाजता मला सगळं वाचलं. पूजेची फुलं देणाऱ्या तानुबाई मागच्या दाराशी आल्या, तेव्हा त्यांनाही वाचून दाखवलं.

"आमचं त लिवून नेलं," तानुबाई म्हणाल्या. "गोवर्धनची माय. सारे मले तसंच म्हणतात."

"ते चालत नाही, तानुबाई. शनिवारपर्यंत शाळेत जाऊन नाव सांगा. नाहीतर ओळ खोडतील."

"अन् तुमचं लिवलं का?"

विमलबाई चारुशीलेचं दुपटं सारखं करू लागल्या.

"मंग मलेच काहून शिकवून राहिल्या? आपलं जळते अन् दुसऱ्याचं इझवते!"

दुसऱ्या दिवशी तानुबाई हसतच आल्या. "सांगून आली वकिलीनबाई! तो मास्तर विचारते, तानुबाई, पण कोणाची? म्या म्हटलं, कोणाची म्हंजे? माहीच! आता तुमी जा. उद्या शेवटचा दिस हाये."

शनिवारी विमलबाईंनी चारुशीलेला कडेवर घेतलं, पायांत चपला घातल्या. तेवढ्यात वकीलसाहेब आत आले.

"कुठे निघालीस?"

"शाळेत. यादीत नाव सांगायला."

"तिथे सगळे बाप्ये असतील. तू कशाला? मी सांगतो मास्तरांना जाता जाता."

ते गेले ते थेट स्टेशनवर. अमरावतीला त्यांचं भाषण होतं. विषय : स्त्रिया आणि मताधिकार. हार घालून घेऊन रात्री परतले. विमलबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. विमलबाईंनी मला घडी घालून फडताळात लोणच्याच्या बरणीखाली अंथरलं.

हिवाळ्यात मतदान झालं. तानुबाई बोटाला शाई लावून आल्या. चारुशीलेने ते बोट मुठीत घट्ट धरलं. "धर बाई, धर," तानुबाई म्हणाल्या, "तुह्या मायचं बी असंच काळं व्हाले पाह्यजे होतं." विमलबाईंची ओळ यादीतून खोडलेली होती.

आणि मग, मित्रांनो, वकीलसाहेबांचा नवा लेख आला. 'भगिनींच्या अज्ञानामुळे हजारो नावे गळाली!' तो अंक त्यांनी विमलबाईंसमोर धरला. "वाच, कसा झालाय?"

विमलबाईंनी शेवटपर्यंत वाचला. "गळालेल्यांत एक मी आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, राहून गेलं. पुढच्या खेपेला बघू."

"तुम्ही बघू नका," विमलबाई म्हणाल्या. "मी जाईन."

मला जपून ठेवा, असं मी सांगणार नाही. कागद कुजतो, कुजू द्या. पण तुमच्या दाराशी कोणी वही घेऊन आलं आणि आईचं नाव विचारलं, तर ते तुम्ही सांगू नका. वडिलांनाही सांगू देऊ नका. आईला बाहेर बोलवा. तिच्या कडेवर मूल असेल, हात पिठाचे असतील. मूल तेवढं तुम्ही घ्या.