सासऱ्यांना नमस्कार

डावीकडे

तिचा गुडघा वाकत नसे. त्यामुळे मोटारसायकलवर ती कायम दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डावीकडे तोंड करून बसायची. किनाऱ्याचा हा रस्ता तिने बावीस वर्षं असाच पाहिला. डावीकडे कडा, कड्याखाली समुद्र. उजवीकडे डोंगर आणि प्रचंड झाडं आहेत हे तिला पाठीवरून सरकणाऱ्या सावल्यांमुळे कळायचं. जरा मान वळवली की नवरा ओरडायचा, "हलू नकोस, गाडी डोलते!"

आज गाडी दीर चालवत होता. नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते आणि संध्याकाळी सहाला गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. तिने एकच मागितलं होतं, "भाऊजी, गाडी जायच्या आधी एकदा सासऱ्यांना नमस्कार करून येऊ."

"दादाचं ते खूळ होय!" दीर म्हणाला होता. त्याचं गॅरेज होतं. ते बंद ठेवून तो आला.

खूळ असं. नवरा वजनकाट्यांचा तपासनीस. वर्षातून एकदा टोकाच्या बंदरातले काटे तपासायला जायचा आणि ती शाळेतून रजा काढून मागे बसायची. एका ठरावीक वळणावर तो वाऱ्यात ओरडायचा, "सासऱ्यांना नमस्कार कर!"

खाली समुद्रात एक खडक होता. एकटा, ताठ. पक्ष्यांनी पांढरं केलेलं टक्कल. लाटा डोकं आपटून घेतायत आणि हा ढिम्म. हुबेहूब तिचे वारलेले सासरे. ती हात जोडायची.

"आज फारच रागावलेत!"

"कधी नव्हते?"

आजही ते वळण आलं. कुणी ओरडलं नाही. तिने आपणहून हात जोडले. खडक जागेवर होता.

एवढंच?


टपरी

किनाऱ्याचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तिथे दोघं चहाला थांबली.

"झालं समाधान?"

"झालं. जरा बुटके वाटले. भरती असेल."

दिराचा कप ओठांपाशीच थांबला. "झाडाला कसली भरती, वहिनी?"

"कुठलं झाड?"

"सासरे! वळणावरचं ते अवाढव्य झाड. वीज पडून कपाळावर आठी पडलीये बघा. एकदा तुमची गाडी बंद पडली, दादाने तुम्हाला एसटीने पुढे पाठवलं आणि मी टेम्पो घेऊन आलो होतो, तेव्हा त्याने दाखवलं. म्हणाला, आठी बघ, आपले बाबाच."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या. डोंगराच्या."

तिने चहाचा कप बाकड्यावर ठेवला.

"मग तुम्ही इतकी वर्षं कुणाला नमस्कार करत होतात?"

"खडकाला."

दीर खो खो हसला, मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. परतताना नवरा नेहमी हमरस्ता धरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांपुढे अहवाल ठेवायचा असे. झाडं तिच्या तोंडासमोर यायची वेळच कधी आली नव्हती.

"भाऊजी, आल्या रस्त्याने परत जाऊ."

"चार तास मोडतील. गिऱ्हाईक आधीच सांगून बसलंय, उशीर झाला तर दुसरी गाडी बघेन."

"बघू दे."

"आणि घरात ठेवून काय लोणचं घालणार गाडीचं?"

"ते मी बघते. तुम्ही वळवा."


डावीकडे (परत)

आता समुद्र पाठीला. समोर खोड. खोड. एका खोडामागे अख्खं घर लपेल. पुन्हा खोड. शेंडा शोधायला मान वर केली तर हेल्मेट मागे घसरलं, तरी शेंडा काही सापडेना. असं एवढं सगळं तिच्या पाठीमागे उभं होतं आणि नवरा दर मैलाला ओरडायचा, "पाहिलंस का?" ती पाण्याकडे बघत म्हणायची, "पाहिलं!"

दिराने गाडी थांबवली. ती उतरली.

आठीच होती. वरून खाली, काळी, खोल. दोन फांद्या कमरेवर हात ठेवल्यासारख्या. तिला हसू फुटलं. खडक काय घेऊन बसलोय, हेच सासरे.

म्हणजे बावीस वर्षं दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होती, एक इकडे बघून, एक तिकडे बघून. आज फारच रागावलेत. कधी नव्हते? एकदाही अडलं नाही. त्यांच्या संसारातला हा सगळ्यात मोठा विनोद, आणि तो कळायला हवा होता त्यालाच. पोट धरून हसला असता. येईल त्या पाहुण्याला सांगितला असता, दरवेळी थोडं तिखटमीठ लावून. तिने "पुरे हो आता" म्हटलं असतं.

"तुमच्या दादाला हे—" ती म्हणाली.

दिराचा फोन वाजायला लागला. "गिऱ्हाईक," तो म्हणाला. "काय सांगू?"

"सांगा, थांबायचं तर थांब म्हणावं."

तो बोलायला बाजूला गेला. ती गाडीपाशी आली, पुढच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने तो विनोद पहिल्यापासून सांगायला घेतला. मोठ्याने. वारा फार होता.