पातेल्यातलं फूल

ऑर्किडच्या वाळक्या फुलात परागाचे गोळे दोन की चार, एवढ्यावर त्याची जात ठरणार होती. दोन असले तर ओळखीची. चार असले तर आजवर कुणीच न नोंदलेली. माझ्या मुंगीला सर्दी, दोन वर्षांच्या शेंबड्या पोरीला पाळणाघर घेईना. म्हणून वनस्पतिसंग्रहातल्या आमच्या सरांनी शंभर वर्षं जुन्या नमुन्यातलं एक फूल पुडीत बांधून दिलं.

"घरी उकळ, मोज, फोन कर. तुझी पोर आणि माझा शोधनिबंध, दोघांचीही रड थांबेल."

वाळकं फूल पाण्यात उकळलं की मऊ पडून उलगडतं. आमच्या कामात सगळे तसंच करतात. मी हाताला आलं ते पातेलं घेतलं. मग फूल भिंगाखाली धरून सुईने उघडलं. चार. पुन्हा मोजले. चारच!

"शाब्बास!" सर फोनवर म्हणाले. "हातमोजे घातले होतेस ना?"

"कशाला?"

"अगं, त्या काळी कीड लागू नये म्हणून नमुने पाऱ्याच्या विषात बुडवायचे. कागदावर निळा शिक्का असतो."

होता. गेल्याच महिन्यात मी ते रोप जीर्ण कागदावरून सोडवून नव्यावर चिकटवलं होतं. नाव, तारीख, सही, सगळं उतरवून घेतलं. शिक्का कसला, ते मात्र कुणाला विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात धावले. "आई, इथलं पातेलं?"

"कसला काढा केला होतास, बाई? ओतून दिला," सासूबाई म्हणाल्या. "त्यातच दूध तापवलं. तुझ्यासमोर नखरे करते, माझ्याकडून बघ कशी गटागट प्यायली!"

मुंगीला दुधाची मिशी आली होती. मी कप हिसकावला, तशी तिने भोकाड पसरलं. काय झालं ते सांगितल्यावर सासूबाईंनी पातेलं उचलून आत पाहिलं.

"मी नुसतं खंगाळलं गं. घासलं नाही."

"पोटात किती गेलं असेल?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. केसाएवढ्या फरकावरून जात सांगणारी मी. "अर्धा कप दूध," एवढंच सांगितलं. त्यांनी रक्त काढलं, तिला दाखल करून घेतलं. "मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल. लघवी झाली नाही तर लगेच बेल दाबा."

रात्री सरांचा फोन. "पोर कशी आहे?... बरं, ते चार नक्की ना?"

मी फोन कापला आणि मुंगीची चड्डी चाचपली. कोरडी. संध्याकाळपासून कोरडीच होती.

मी बेल दाबली.