कोच गिडरीचे दहा शब्द

"तुमच्यात काहीही फरक पडलेला नाही," डॉक्टर म्हणाले, आणि ही आनंदाची बातमी आहे असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटत होतं.

ओरिस गिडरी खुर्चीत अवघडून बसला होता. एवढ्या धिप्पाड देहाला पुरेल अशी खुर्ची दवाखान्यात कुठली असायला? शेजारी त्याची बायको वर्नेल मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"फरक नाही?" ती म्हणाली. "डॉक्टर, हा परवा दूध आणायला गेला आणि आपल्या आईच्या जुन्या घरापुढे गाडी उभी करून हॉर्न वाजवत बसला. आईला जाऊन किती वर्षं झाली! ते घरसुद्धा आता दुसऱ्यांचं आहे."

"कळतंय मला, मॅडम. पण हे फुटबॉल खेळत होते तेव्हाच्या चाचण्या क्लबने पाठवल्यात. ऐन पंचविशीत ह्यांना दहातले चार शब्द आठवत होते. आजही चारच आठवले." डॉक्टर हसले. "काहींची स्मरणशक्ती मुळातच बेताची असते. वाईट वाटून घेऊ नका, मिस्टर गिडरी."

ओरिसला हसू आलं. ते थांबेना, तेव्हा वर्नेलने त्याला कोपर मारलं.

गाडीत बसल्यावर त्याने तिला खरं काय ते सांगितलं. प्रत्येक मोसमाच्या आधी ही चाचणी व्हायची. कोणीतरी दहा शब्द वाचायचं, ते परत म्हणायचे. मग मोसमात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी. आधीपेक्षा कमी आठवलं तर बाहेर बसा, आणि तुमच्या जागेवर दुसरा बसलाच म्हणून समजा. संघात बिग हॉलिस नावाचा एक मुरलेला गडी होता. त्याने नव्या पोरांना मंत्र दिला होता: 'पहिल्या चाचणीत मठ्ठ व्हा रे. मग डोकं फुटलं तरी पास.'

"सगळेच करायचे," ओरिस म्हणाला. "मी जरा जास्तच छान करायचो."

वर्नेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाच्या शेतांशेजारी इंजिन बंद करून ती त्याच्याकडे वळली.

"म्हणजे तेव्हा तू सोंग घेतलंस," ती म्हणाली, "आणि आता खरंच होतंय तर ते सोंगापेक्षा वेगळं दिसत नाही. कोणाला सांगायचं रे आता? कोण विश्वास ठेवणार?"

ह्याला म्हणतात अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नऊ मोसम ओरिस गिडरी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात समोरून चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला आडवं करत राहिला, आणि आडवं करायला त्याने सगळ्यात जास्त वापरलं ते डोकं. हेल्मेटला हेल्मेट भिडलं की कानात शिट्टी वाजायची, मैदान हिरव्याचं पांढरं व्हायचं, आणि तो हात वर करून लोकांच्या आरोळ्या झेलायचा. मग गुडघा गेला. क्लबमधून एक फोन आला, फार गोड बोलले, आणि संपलं. गावी परतल्यावर तो वर्षभर सोफ्यावर पडून राहिला. वर्नेलला वाटलं होतं, हा माणूस आता उठत नाही. त्याला उठवलं ते पोर्ट मोरोच्या शाळेने. जिथे शिकला तिथेच कोच म्हणून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी तो घामेजलेला, चिखलात माखलेला, पोरांना शिव्या घालत घरी आला तेव्हा वर्नेल मोरीत जाऊन रडली होती. गेलेला नवरा परत मिळाला म्हणून.

"तुझ्या पोरांची चाचणी सोमवारी ना?" तिने डोळे पुसत विचारलं.

"हो."

"मग तुझं जाऊ दे. त्यांना सांग. एकाचंही डोकं तुझ्यासारखं व्हायला नको."

"नाही होऊ देणार," ओरिस म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा आवाज कोचसारखा आला.

रविवारी चर्चहून येताना, जेवताना, भांडी घासताना वर्नेलने त्याच्याकडून घोकून घेतलं. चाचणीबद्दल काय सांगायचं? खोटं देऊ नका. का? एक दिवस खरं सांगायची वेळ येईल, आणि कोणी मानणार नाही. त्याला पाठ झालं. त्याने गंबोच्या झणझणीत रश्श्याचा आणखी एक वाडगा मागितला, आणि वर्नेलला उगाचच वाटून गेलं, देव आहे.

सोमवारी व्यायामशाळेत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. पोरं बाकांवर ओळीने बसली होती. दुखापतींचं बघणारी डार्लीन ह्याच वर्षी नोकरीला लागली होती. ती समोर टेबल टाकून बसली. पहिला आला डेक्विन, संघातला सगळ्यात जबरदस्त गडी, ओरिसच्याच जागेवर खेळणारा. डार्लीनने दहा शब्द वाचले.

"घोडा," डेक्विन म्हणाला. मग कपाळाला आठ्या घातल्या. "आणि... आत्या?"

"आत्या नव्हतं त्यात," डार्लीन म्हणाली.

"नव्हतं? मग माझीच आत्या असेल, मॅडम."

बाकांवर खसखस पिकली.

"थांबवा!" तो गरजला. "कोणी शिकवलं हे? सांगा, कोणी?"

पोरं एकमेकांकडे बघून गालात हसायला लागली.

"तुम्हीच की, कोच," डेक्विन म्हणाला. "बिग हॉलिसची गोष्ट! मठ्ठ व्हा रे! उन्हाळी शिबिरात सांगितली, परवा बसमध्ये परत सांगितली. तेव्हा तर तुम्ही हॉलिसचा आवाजही काढलात."

ओरिसने शिबिर आठवून बघितलं. बस आठवून बघितली. तिथे काहीच नव्हतं.

"मी सांगितलं असेल तर चुकलो," तो म्हणाला. "खोटं देऊ नका. मन लावून द्या, पोरांनो."

"मग शुक्रवारच्या सामन्यात डोक्याला लागलं की तुम्ही आम्हाला बाहेर बसवणार?"

"बसवणार."

"तुम्हाला कोणी बसवलं होतं?" डेक्विनने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोतला ओरिस हात वर करून उभा होता. "कोच, खेळावर शिष्यवृत्ती द्यायला कॉलेजवाले मला बघायला येणारेत. मी बसलो तर आमच्या घरातलं कोणीच कधी कॉलेजात जाणार नाही. तुम्हाला माहितेय."

माहीत होतं. ओरिसने घोकलेलं वाक्य शोधलं. एक दिवस... एक दिवस काय? वर्नेल भांडी पुसत होती, एवढंच आठवलं. त्याने डार्लीनकडे बघितलं.

"मी काय करू, कोच?" ती हळूच म्हणाली. "ते म्हणतात आठवत नाही, तर मला तसंच लिहावं लागतं."

"ऊठ रे," ओरिस डेक्विनला म्हणाला आणि स्वतः खुर्चीत बसला. "बघा सगळे. खरी चाचणी कशी देतात ते दाखवतो. वाचा, डार्लीन."

तिने वाचलं. "घोडा, लोणी, पूल, शिट्टी, लिंबू, खिळा, गालिचा, ढग, बादली, कंदील."

त्याने डोळे मिटले. असा जोर त्याने मैदानातसुद्धा कधी लावला नव्हता.

"घोडा," तो म्हणाला. पोरं गप्प झाली. "लोणी." त्याचा हात गळ्यातल्या शिट्टीला लागला. "शिट्टी." मग बराच वेळ गेला. कानशिलावरून घाम ओघळला. "घोडा... घोडा सांगितलं का मी?"

व्यायामशाळा हशाने दणाणली. पोरं बाकांवर हात आपटायला लागली, एक जण तर हसून हसून जमिनीवर लोळला.

"मी खरंच देत होतो," ओरिस म्हणाला.

त्यावर हसू दुप्पट झालं. डार्लीन तेवढी हसली नाही. तिचं पेन कागदावर तसंच थांबलं होतं. ओरिस तिच्याकडे बघत राहिला, आणि तिने मान खाली घातली.

"कोच, सोंग घ्यावं तर तुम्हीच!" डेक्विनने त्याला मिठी मारली आणि प्रेमाने, जपून खुर्चीतून उठवलं. "मॅडम, मला परत द्या. आत्ता कळलं कसं करायचं ते."

डार्लीनने पुन्हा दहा शब्द वाचले.

डेक्विनने डोळे मिटले. हात गळ्याकडे नेऊन, तिथे नसलेली शिट्टी चाचपली.

"घोडा," तो म्हणाला, आणि ओरिसइतकाच वेळ थांबला. "घोडा सांगितलं का मी?"