निळ्या बाटलीचं टॉपिंग

कडोदऱ्याच्या आमच्या मिलमध्ये मला अजूनही ‘नाकवाले हेमराजभाऊ’ म्हणतात. मी कलर किचनमध्ये काम करतो. म्हणजे साडीच्या छपाईचा रंग जिथे कालवतात तिथे. रंगात घालायचा गम उन्हाळ्यात आंबतो, आणि आंबलेला गम वापरला की साडीवरची फुलं पसरून शेणासारखी दिसतात. गम आंबलाय की नाही हे वासावरून ओळखणारा मिलमध्ये मी एकटा. ड्रमवर नुसता वाकायचो आणि सांगायचो, हा घ्या, तो गटारात ओता. मालकसुद्धा माझ्या नाकाला मानायचे.

ते नाक गेलं त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. नेमकं कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. सबंध आयुष्य अॅसिडच्या आणि घासलेटच्या वाफेत काढलेलं, हळूहळू विझत गेलं असणार. एक दिवस घरात दूध करपलं, शेजारीण ओरडत आली आणि मी गॅसच्या शेजारी पेपर वाचत बसलेलो. त्या दिवशी मला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. नाकावर ज्याची भाकरी चालते त्याने नाक गेलं म्हणून कुठे सांगायचं? आणि बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मिल सोडा. मग मी नजरेवर काम करायला लागलो. आंबलेल्या गमवर बारीक बुडबुडे येतात, काठीवरून त्याची धार तुटते. तरी ड्रमवर वाकायचो, डोळे मिटायचो, मान हलवायचो. नाटक इतकं अंगवळणी पडलं की सोबतचा सुकलाल माझ्याकडून वास घ्यायला शिकला!

आमचा मुलगा कुंदन गेल्या भाद्रपदात गेला. तेवीस वर्षांचा होता. रिंगरोडच्या मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन काढायचा. त्या दिवशी घरी आला, शर्ट बदलला, दाराच्या खिळ्याला अडकवला आणि गाडी घेऊन परत बाहेर पडला. हायवेवर ट्रकखाली आला. त्याची बॅग मिळाली नाही. दहाव्याला त्याचे कपडे आम्ही देऊन टाकले, रीतच आहे तशी. तो खिळ्यावरचा शर्ट मात्र बायकोने, शोभाने, कुणाला दिसू दिला नाही. साडी पॅक करायची चेनवाली प्लॅस्टिकची पिशवी असते, तिच्यात घालून तिने तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. फिका मोरपंखी शर्ट. त्याला कुंदनचा वास होता. तो सेंट मारायचा, खूप मारायचा.

आधी ती रोज पिशवी उघडायची. मग तिला भीती वाटायला लागली, उघडून उघडून वास उडून जाईल. मग फक्त रविवारी, दिवा लावल्यावर. चेन चार बोटं उघडायची, नाक आत घालायचं, डोळे मिटून बसायचं. मग पिशवी माझ्याकडे करायची.

“शे ना?” म्हणजे, आहे ना त्याचा वास?

मी नाक आत घालायचो. मला प्लॅस्टिक लागायचं ओठांना. बाकी काही नाही.

“शे,” मी म्हणायचो.

दुसरं काय म्हणणार होतो? तिच्या तोंडावर त्या एका शब्दाने जे यायचं, तेवढ्यावर आमचा आठवडा निघायचा. मी खोटं बोललो याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती. आता वाटते.

माघ लागला आणि एका रविवारी ती पिशवीत नाक घालून बराच वेळ बसली. मग म्हणाली, “आते पहिलासारखा नही येत. चालना जाई राहिना तो.” आणि रडायला लागली. वास जातोय म्हणाली नाही, तो जातोय म्हणाली. मग तिला सुचलं, कुंदनचा सेंट कोणता होता ते शोधून आणायचं. बाटली त्याच्या बॅगेत होती, बॅगेबरोबर गेली. तिला एवढंच आठवत होतं की बाटली निळी होती, चौकोनी.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “तुम्हनं नाक देखाडा आते.”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण गेलो. साखरपुड्यांना घालायचा शर्ट घातला आणि पहिल्यांदाच एका मॉलमध्ये सेंटच्या काउंटरसमोर उभा राहिलो. पुरुषांच्या सेंटच्या बाटल्या निम्म्याहून जास्त निळ्याच असतात हे मला तिथे कळलं. बावीस निळ्या मोजल्या मी. आणि चौकोनी नसलेली त्यात एखादीच.

काउंटरवरच्या मुलीने गुजरातीत विचारलं, “काका, कोना माटे जोइए छे?”

“मुलासाठी,” मी मराठीतच म्हणालो.

ती हसली. “मग मराठीत बोलू की. मी नवागामची.” तिच्या छातीवर नाव होतं, हर्षदा. “वय काय मुलाचं?”

“तेवीस.” हे उत्तर आता दरवर्षी तेच राहणार.

तिने कागदाच्या पट्टीवर पहिला फवारा मारला, पट्टी हवेत दोनदा हलवली आणि माझ्या नाकासमोर धरली. मी गमच्या ड्रमवर घेतो तसा वास घेतला. डोळे मिटले, मान हलवली.

“कसा वाटला?”

“तुला कसा वाटतो? पोरांना काय आवडतं ते तुलाच माहीत.”

“हा समुद्रासारखा आहे. फ्रेश.”

समुद्र म्हणजे मला डुमसचा ठाऊक. काळी वाळू आणि टोमॅटोची भजी. कुंदन लहान असताना भज्याचा कागद वाऱ्याने उडाला म्हणून केवढा रडला होता. तो वास मला लख्ख आठवतो. आठवतो, येत नाही.

दुसरा लाकडासारखा, म्हणाली. तिसरा चामड्यासारखा. चपलेसारखा वास यावा म्हणून कोण पैसे देतं, देव जाणे! चौथ्यात लिंबू आणि मिरी. पाचवा तिने माझ्या मनगटावर मारला, सहावा कोपराच्या आत. कातडीला गार लागायचं, क्षणभर, आणि वाळून जायचं. मला सगळे सेंट सारखेच होते, गार आणि मग काही नाही. मध्येच तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. “याचा वास घ्या काका, नाक ताजं होतं.” मी वाटीत नाक घातलं आणि म्हणालो, हो, झालं ताजं. एवढी गोड मुलगी, आणि मी तिलाही फसवत होतो.

नऊ पट्ट्यांवर तिने नावं लिहून दिली. मी त्या खिशात घातल्या आणि डिंडोलीला घरी परत आलो. रिक्षात शेजारची बाई पदर नाकाला लावून बसली होती. शोभाने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

“काय, सगळं दुकान आंगवर ली उनात?”

पट्ट्या एकाच खिशात ठेवल्यामुळे सगळ्यांचा एकच घोळ झाला होता. ज्याचं नाक शाबूत आहे तो असं करेल का? ती चिडली, पण तिला शंका आली नाही. बाप आहे, भांबावला असेल, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी परत गेलो. मिलमध्ये शेड मॅच करायला कापडाचे तुकडे पाठवतो तशी एकेक पट्टी वेगळ्या पिशवीत घालून आणली. शोभा पाटावर बसून एकेक उघडत गेली. नाही. नाही. हाही नाही. सातवी उघडली आणि तिच्या हातातून पिशवी खाली पडली.

“हाऊच,” ती म्हणाली. “हाऊच शे.”

दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये खाडा केला आणि ती बाटली घेऊन आलो. शोभाने कापसावर थेंब घेतला, वास घेतला, आणि कापूस बाजूला ठेवला. खूश होईल वाटलं होतं. ती बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून स्वयंपाकाला लागली. मला कळलं नाही. मला वाटलं, शर्टावरचा वास गेला याचं तिला दुःख आहे, आणि त्याचा इलाज तर आता घरातच आहे.

आमच्या कामात शेड फिकी उतरली की माल फेकत नाहीत. त्याच रंगाचा थोडा हात परत देतात. त्याला टॉपिंग म्हणतात. तीस वर्षं मी फिके पडलेले ताके टॉपिंग देऊन वाचवले. नमुना मिळाला, रंग जुळला, मग राहिलं काय?

गुरुवारी मिलला सुट्टी होती. शोभा साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी करते, तयार साड्या द्यायला ती गेली होती. मी पेटी उघडली. शर्ट हँगरला लावला. वीतभर अंतरावरून कॉलरवर एक फवारा, दोन्ही काखांत एकेक, छातीवर दोन. एका जागी जास्त पडून डाग नको म्हणून हात फिरता ठेवला. पंखा बंद करून सावलीत वाळवला. इतकं निगुतीने काम मी मिलमध्येसुद्धा केलं नसेल. पिशवीत घातला, चेन लावली. आणि खरं सांगतो, कुंदन गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. त्याच्यासाठी मी काहीतरी केलं होतं.

रविवारी दिवा लावून ती बसली. चेन चार बोटं उघडली, आणि नाक आत घालायच्या आधीच थांबली. मग तिने पूर्ण पिशवी उघडली. शर्ट बाहेर काढला. कॉलर, काख, बाही, सगळीकडे नाक लावत गेली, वेड्यासारखी, परत परत.

“काय कयं तुम्ही?”

“फिका पडला होता. म्हणून थोडा वरून दिला. तोच आहे ना? तूच म्हणालीस.”

“बाटलीना वास बाटलीमा,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. “ह्याम्हा त्याना घामना वास व्हता. त्याना डोकाना तेलना. कुंदन व्हता ह्याम्हा. तुम्हले समजनं नही?”

टॉपिंगखालचा मूळ रंग परत कुणाला काढता येत नाही. हे मीच मिलमध्ये नव्या पोरांना शिकवतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, देव्हाऱ्यातली विझलेली उदबत्ती पेटवली आणि माझ्या नाकाखाली धरली. डोळ्यांत धूर गेला, पाणी आलं.

“येस का वास?”

“नाही.”

“कव्हयपासीन?”

“कुंदन बारावीला होता तेव्हापासून.”

ती खाली बसली. उदबत्तीची राख तिच्या लुगड्यावर पडली, तिने झटकली नाही. “मंग दर रविवारले ‘शे’ म्हनत व्हतात ते?”

मला सांगता आलं असतं की तुझ्यासाठीच म्हणत होतो. ते खरं होतं.

“म्हंजे इतला दिन,” ती म्हणाली, “मी एकलीच.”

ती रडली नाही. मी रडलो. तिने शर्टाची घडी घातली, पिशवीत ठेवला, चेन लावली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मिलमध्ये मी ड्रमवर वाकलो, मान हलवली, दोन ड्रम गटारात ओतायला लावले. सुकलाल म्हणाला, भाऊ, नाक असावं तर असं.

आज परत रविवार. मला वाटलं, ती आता पेटी उघडणार नाही. पण दिवा लावून झाल्यावर तिने पिशवी काढली. चेन चार बोटं उघडली, नाक आत घातलं, डोळे मिटून बसली. तिला त्यात काय मिळालं ते मला माहीत नाही. मग सवयीने तिचा हात पिशवी घेऊन माझ्याकडे आला. अर्ध्यावर आला आणि तिला आठवलं. तिने पिशवी परत आपल्या मांडीत ओढून घेतली आणि चेन लावली.

मी ‘शे’ म्हणायला तोंड उघडलं होतं.