अठ्ठेचाळीसची पेटी

माझ्या मुलाच्या बँडचं नाव अठ्ठेचाळीस. चंद्रपूरच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ज्या मे महिन्यात पारा तिथवर चढला, त्याच महिन्यात या तिघांनी बाबूपेठच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत आपली पहिली गाणी रेकॉर्ड केली. कूलरचा आवाज गाण्यात येतो म्हणून कूलर बंद. खिडकीला गाद्या लावलेल्या. निकेश गायचा आणि गिटार वाजवायचा, मुलचेऱ्याचा मिथुन मोठं गिटार वाजवायचा, आणि लालसू ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून ढोल बडवायचा. एक गाणं झालं की तिघं बाहेर येऊन नळाखाली बसायचे. निकेशचे वडील, गुणवंतराव, कोळसा खाणीतून ड्यूटी करून आले की दारातच उभे राहून विचारायचे, "आज कोण मेलं का आतमधी?"

हे कसलं संगीत, असं मी एकदा मिथुनला विचारलं. तो म्हणाला, ऑल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे काय, तर म्हणे, "काकू, जे कोणी वरातीत वाजवत नाई ते."

लालसू भामरागडकडचा माडिया. मी नोकरीची बरीच वर्षं तिकडे नर्स होते. त्याचा जन्म माझ्याच हातून झाला. कॉलेजसाठी तो चंद्रपूरला आला, तेव्हा त्याचे वडील लच्छूभाऊ त्याला सरळ माझ्या दारात सोडून गेले. पुढची पाच-सहा वर्षं आमच्याकडे दोन मुलं होती.

पहिली गाणी बाजारात कधी आलीच नाहीत. ती ऐकून मुंबईच्या एका कंपनीनं यांना बोलावलं, आणि नंतरचे चारही अल्बम तिकडेच झाले. तिथे एक बाई उच्चार सुधारायला ठेवली होती. निकेशच्या 'मले'चं 'मला' झालं, 'राह्यलो'चं 'राहिलो' झालं. नाव झालं, पेपरात फोटो आले. पण तो गायचा तो दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखा. सात-आठ वर्षांत सगळं थंडावलं. लालसू गावी जाऊन शिक्षक झाला, मिथुननं मुलचेऱ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. निकेश घरी राहिला, आणि त्याच्याबरोबर त्याचा खर्रा. इकडे तंबाखू-सुपारीचा तो खर्रा पोरं चॉकलेटसारखी खातात. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरपायी नागपूरला त्याचा अर्धा जबडा आणि जिभेचा मोठा भाग काढला. तेव्हापासून तो फोनवर लिहून बोलतो.

मागच्या वर्षी पुण्याहून करिश्मा नावाच्या मुलीचा फोन आला. तिची लहानशी कंपनी आहे. शाळेत असल्यापासून ती यांची गाणी ऐकत होती. अठ्ठेचाळीसचं सगळं काम एका पेटीत काढायचं तिनं ठरवलं होतं, पाच सीडी आणि फोटोंचं एक पुस्तक. पहिली सीडी मागच्या खोलीतल्या गाण्यांची. निकेशनं तिला लगेच होकार कळवला. मग मला लिहून दाखवलं: मले माहा आवाज ऐकाचा आहे.

मी म्हटलं, चार सीडी आहेत की घरात, त्यात तुझाच आवाज आहे. त्यानं मान हलवली आणि लिहिलं: तो त्यायनं शिकवलेला आहे.

पहिली गाणी आता एकाच ठिकाणी होती, लालसूच्या हार्ड डिस्कमध्ये. आणि लालसू त्याच वर्षी पावसाळ्यात गेला होता. ताप होता, नाल्यांना पूर, रस्ता बंद. आम्हाला बातमी कळली ती पूर ओसरल्यावर. निकेशची तेव्हा पुन्हा रेडिएशनचे शेक देण्याची ट्रीटमेंट चालू होती, त्यामुळे आमचं जाणं झालं नाही.

दिवाळीनंतर मिथुन गाडी घेऊन आला आणि आम्ही तिघं निघालो. मिथुन वाटभर निकेशला डिवचत होता. "आता कसा तू मधात बोलत नाई, मस्त वाटते गाडी चालवाले." निकेशनं मागून त्याच्या डोक्यात टपली मारली. किती तरी दिवसांनी मी त्याचे डोळे हसलेले पाहिले. आलापल्लीनंतर सागाचं जंगल सुरू झालं, तसा तो काचेला टेकून बसला, आणि त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. गाणी मिळणार, असं त्यानं मनात पक्कं धरलं होतं.

लच्छूभाऊ अंगणातच होते. फार वाकले होते. लालसूच्या बायकोनं, कमलानं, आम्हाला जावा दिला, तांदळाची पातळ पेज. निकेशला ती पिता आली. लच्छूभाऊ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग मी कमलाला हार्ड डिस्कचं विचारलं. काळी, एवढीशी, वायर असलेली.

"ते तर सगळ्यात पयलेच ठेवलं, बाई," ती म्हणाली. "त्याचा जीव होता त्याच्यात."

मला समजलं. मिथुनला समजायला थोडा वेळ लागला. माडिया लोक गेलेल्या माणसाच्या रोजच्या वस्तू त्याच्याजवळच ठेवतात, गावाबाहेर, जिथे त्याला पुरलं तिथे. ताट, चपला, पांघरूण. मी नोकरीत अशा जागा खूप पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या म्हणून हेही माहीत होतं, की तिथलं कोणी उचलत नाही.

लच्छूभाऊ आणि कमला आम्हाला तिकडे घेऊन गेले. मोहाच्या झाडाच्या फांदीला त्याचा ढोल टांगला होता, कातडं फाटून लोंबत होतं. शेजारी शाळेची बॅग. बॅगेला खालून भोक पडलं होतं. मिथुन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काकू, तुमी सांगा ना. तुमचं ऐकते लच्छूभाऊ."

ऐकलं असतं. म्हणूनच मला तोंड उघडवेना. मी निकेशकडे पाहिलं. तो बॅगेखाली उभा होता, हात पाठीमागे बांधून, लहानपणी दुकानासमोर उभा राहायचा तसा. मागत नव्हता, पण हलतही नव्हता.

लच्छूभाऊंनी पण पाहिलं. मग पुढे झाले, बॅग खाली घेतली, आत हात घालून मातीनं भरलेली ती वस्तू काढली आणि निकेशच्या हातात दिली.

"ने," ते म्हणाले. "त्याच्यापाशी तरी आता कान कुठी आहे."

कमला तोंड फिरवून घराकडे निघून गेली.

नागपूरला एका माणसानं ती डिस्क उघडली. आतल्या चकत्या गंजल्या होत्या. पुण्याला पाठवली, तिथेही तेच. पावसाळा पूर्ण तिच्यातून गेला होता. करिश्मानं फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं, आणि मग चाचरत म्हणाली, की हल्ली जुन्या गाण्यांवरून यंत्राकडून निकेशच्या आवाजात गाऊन घेता येतं. निकेशनं फोन पालथा ठेवला. संध्याकाळी त्यानं तिला दोनच शब्द पाठवले: चारच काढा.

मिथुन डिस्क परत द्यायला भामरागडला गेला. लच्छूभाऊंनी ती घेतली नाही. एकदा काढलं ते काढलं, आता ते त्याचं राहिलं नाही, म्हणाले. ती मिथुनच्या दुकानात खणात पडली आहे. लालसूकडे नाही आणि आमच्याकडेही नाही, असंच म्हणायचं.

उन्हाळ्यात पेटी आली. पुठ्ठे आधीच छापून झाले होते, त्यामुळे आत पाच सीडींची जागा होती. पहिल्या जागी नुसता काळा कागद. पुस्तकात मात्र त्या गाण्यांची नावं होती. निकेशनं त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला शब्द पाठ होते. मी म्हणून दाखवले: "मी चालून राह्यलो, रस्ता काऊन सरत नाई." पुढचं कडवंही म्हटलं. त्यानं लिहिलं: आवाज कसा होता?

मला माणसं लग्नाच्या याद्यांसाठी, पणजोबांच्या नावांसाठी विचारायला येतात. मी काही विसरत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. गाद्या कोणत्या होत्या, लालसूचा दुपट्टा कोणत्या रंगाचा, त्याचे बाबा दारात काय म्हणायचे. तो ऐकत होता, पण ते त्यानं विचारलं नव्हतं. मी डोळे मिटून ती खोली आठवली. निकेशचं तोंड उघडं दिसलं, गळ्याची शीर दिसली. आणि ऐकू आला तो मुंबईचा आवाज. मी चालत राहिलो. रस्ता का सरत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. पुन्हा तोच.

"चांगला होता," मी म्हटलं.

त्यानं अजून थोडा वेळ वाट पाहिली. मग पेटीचं झाकण लावलं आणि उठून कूलर चालू केला.