गाडी तापली होती

लंबूचा एकट्याने ट्रक चालवल्याचा पहिला पगार व्हायचा होता, त्या दिवशी त्याच्या आईने सकाळीच शिलाई मशीन पुसून लख्ख केलं. त्या मशीनला घरात वडीलधाऱ्या माणसाचा मान होता. लंबूचे बाबा जोडीदार सोडून एकटे गाडीवर गेले, त्या पहिल्याच महिन्यात घरभाडं आणि किराणा भागवून वर उरलेल्या पैशांत त्यांनी ते आणलं होतं. ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली होती की लहानपणी लंबूच ती पुरी करायचा. बाबा जाऊन वर्ष झालं आणि लंबू छापखान्यात कागद कापत होता, तेव्हा तिनेच त्याच्या मागे लकडा लावला. "कागद कापून कुणाचं भलं झालंय? बाबांच्या वाटेने जा. पहिल्या महिन्यातच घराला हात लागतो."

लंबूने मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने आकडा वाचला, चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा वाचला.

"बाकीचे?"

"बाकीचे नाहीत. एवढेच."

"अरे, उस्तादाशेजारी सहा महिने नुसता बसलास तेव्हा याहून जास्त आणत होतास."

"तेव्हा ठरलेला पगार होता, आई. एकट्याला किलोमीटरवर मिळतात. तेही भरल्या गाडीचे. रिकामी परत आणली की निम्मे. गोदामाच्या फाटकाबाहेर तीन दिवस रांगेत उभा होतो, त्याचे काहीच नाहीत. चाक फिरलं तर पैसा, थांबलं तर हवा खा."

"यांचं चाक बरं फिरत होतं."

"बाबांची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तीच कंपनी, तोच रस्ता. तूच कुठेतरी तंगड्या पसरून पडला असशील."

"तंगड्या पसरायला केबिनमध्ये जागा तरी आहे का?" लंबू हसला, पण मनापासून नाही. तिथली झोपायची फळी त्याला वीतभर आखूड होती.

आईच्या मनातून ते जाईना. तिला वाटलं, पोर साधं आहे, कंपनीने त्याला गंडवलं. दुसऱ्या दिवशी ती तडक कंपनीच्या ऑफिसात गेली. जिन्याखालच्या खोलीत जुना हिशेबनीस अजून होता. त्याने तिला ओळखलं, खुर्चीवरची फायलींची चळत खाली उतरवली आणि बसायला दिलं.

तिने सगळं सांगितल्यावर त्याने लंबूचा कागद काढून वाचला.

"चूक काही नाही, वहिनी. नव्या एकट्या ड्रायव्हरला पहिलं वर्ष इतकंच सुटतं. दोन वर्षं नीट काढली की लांबचे मार्ग देतात, दरही वाढतो. तोवर पोट आवळून राहायचं."

"पण यांना पहिल्या महिन्यात..."

"त्यालाही तेव्हाच्या दराने इतकंच मिळालं होतं. मीच दिले होते ना."

"भाऊ, मग मशीन कुठून आलं?"

हिशेबनीसाने पेनाचं टोपण घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "आता तो नाही, म्हणून सांगतो. तो माल स्वतः उतरवायचा. पोचवला की ड्रायव्हरचं काम संपतं, उतरवणं हमालांचं. हा त्यांच्या मुकादमाला सांगून त्यांच्यात उभा राहायचा. सिमेंट, खत, असेल ते. त्याचे वेगळे पैसे रोख मिळत. पहिल्या महिन्यापासून ते पार शेवटपर्यंत. म्हणून तर त्याची गाडी एक दिवस उशिरा यायची."

"मला कधी बोलले नाहीत."

"मी म्हटलं होतं, घरी सांग. तर म्हणाला, सासऱ्यांनी लग्नात बजावलंय, मुलगी ड्रायव्हरला देतोय, हमालाला नाही."

वडिलांचे ते शब्द तिला आठवत होते. तेव्हा सगळे हसले होते, नवरदेवही.

घरी येताना ती दोनदा चुकीच्या वळणावर गेली. इतरांचे नवरे शुक्रवारी येत, तिचा शनिवारी. विचारलं की ठरलेलं उत्तर, "गाडी तापली होती." एकदा ती म्हणाली होती, "दर खेपेला तापायला गाडी आहे की सवत?" आणि आठ दिवस धड बोलली नव्हती. त्याच आठवड्यात त्याने तेलाची बाटली पुढे करून म्हटलं होतं, "पाठीला जरा लावतेस?" तिने म्हटलं होतं, "जिने गाडी तापवली तिच्याकडून लावून घ्या." तो हसला होता आणि स्वतःच हात मागे नेऊन जमेल तेवढं चोळत बसला होता. पुढे त्याला पोक आलं. लोक विचारत तेव्हा ती सांगे, बसून बसून आलंय.

घरी लंबू खेपेची पिशवी भरत होता. कपड्यांवर त्याने गोणपाटाची जाड घडी ठेवली. माळ्यावरून काढलेली, बाबांची. गाडी पुसायला म्हणून ते ती नेत आणि सिमेंटने माखून आणत. धुताना ती कुरकुर करायची. कडा उसवायला लागल्या तेव्हा तिनेच त्या मशीनवर दुमडून शिवून दिल्या होत्या.

"हे कशाला?"

"काच पुसायला," लंबू तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि आई, या खेपेला शनिवार होईल बहुतेक. गाडी जरा तापते."

आईने घडी पिशवीतून काढून घेतली. "मी ऑफिसात जाऊन आले."

लंबू थांबला. मग पिशवीची चेन ओढता ओढता म्हणाला, "मला माहीत होतं. उस्तादाने सांगितलं पहिल्याच आठवड्यात. तुला काय सांगणार?"

"तू शुक्रवारी ये. कमी आण, पण शुक्रवारी ये. मी पुन्हा शिवण घेईन. काल बोलले ते चुकलं माझं."

"दिसतं का तुला सुईचं नाक?" तो हलकेच म्हणाला. "दोन वर्षांचाच प्रश्न आहे."

"त्यांचीही दोनच वर्षं होती."

लंबूने पिशवी खांद्याला लावली. तो पाया पडला आणि निघाला. घडी तिच्या हातातच राहिली. गोणपाट काय, कुठल्याही गोदामात पडलेलं असतं.

शुक्रवारी तिने दोघांचा स्वयंपाक केला आणि दाराकडे तोंड करून बसली. झाकलेलं ताट सकाळी स्वतःच खाल्लं.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी लंबू आला. दारातून वाकून शिरला, पण आत आल्यावर सरळ झाला नाही.

"गाडी..." त्याने सुरुवात केली.

"हो," आई म्हणाली. "सदरा काढ आणि पालथा पड."

तिने तेल कोमट करून आणलं. खांद्यावर दोन्हीकडे लाल वळ उठले होते. ती पाठ चोळत राहिली. लंबूला कधीच झोप लागली होती, तरी तिचा हात थांबला नाही.