फोटोखालची ओळ

पेठ तालुक्यातून आलेल्या किशोरच्या पत्राला वाल्मीकरावांनी आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. शहाण्णव साली त्यांच्या संगीताच्या मासिकात पावरी फुंकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो आला होता. खाली छापलं होतं, 'एक आदिवासी वादक'. किशोरने लिहिलं, "ते माझे वडील, पुंजा. तुम्ही तंबोऱ्यावर बसलेल्याचंही नाव देता. मग अंक नक्की कोणासाठी काढता?" वाल्मीकराव उत्तर लिहायला बसायचे, पण स्वतःचं प्रत्येक वाक्य त्यांना सारवासारवीचं वाटायचं. आता पंचवीस वर्षांतले निवडक फोटो घेऊन विशेषांक छापखान्यात गेला होता. त्यात तोच फोटो होता आणि तीच ओळ.

आणि नात घरात बसून तोच प्रश्न विचारत होती. सृष्टीला कॉलेजात माध्यमांवर प्रकल्प करायचा होता. तिने जुने अंक खोलीभर पसरले होते, पाय ठेवायला जागा नव्हती.

"आजोबा, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"ऐकणारे."

"सगळे?"

"ज्यांना गाणं कळतं ते."

"म्हणजे गंगापूर रोडच्या बंगल्यांतले काका-काकू." ती लिहायला लागली.

"हे लिहू नकोस."

"मुखपृष्ठावर कायम डोळे मिटलेला गायक. साथीदार कोपऱ्यात अर्धे कापलेले. याला रिप्रेझेंटेशन म्हणतात."

"याला जागेची टंचाई म्हणतात," वाल्मीकराव वैतागले. "एकदा अंक लावून बघ."

"बरं, चिडू नका. मासिक सांगतं ते एक वाचक मान्य करतो, दुसरा अर्धंमुर्धं घेतो, तिसरा उलटून विचारतो. तो तिसरा तुमच्याकडे सापडतच नाही. सगळी पत्रं आपली 'अंक अप्रतिम'."

"छापायची पत्रं मीच निवडतो," वाल्मीकराव बोलून गेले. मग नाइलाजाने उठून त्यांनी कपाटातून किशोरचं पत्र काढून दिलं.

तिने ते वाचलं. "नाव का नव्हतं दिलं?"

"आपली पद्धत आहे. नावापुढे गुरूचं नाव जातं. यांच्या गुरूचं नाव आलंच नव्हतं."

"विचारलं होतं?"

वाल्मीकरावांनी पत्र तिच्या हातून परत घेतलं.

"म्हणजे हे आपोआप वाजवायला लागले," सृष्टी म्हणाली.

त्यांनी तिरीमिरीत छापखान्यात फोन लावला. "खंडेराव, पावरीवाल्याचं पान थांबवा."

"अहो, प्लेट तयार आहे. दर महिन्याला तुमचं हेच."

"बाकीची घ्या. ते शेवटी."

मग ते लिहायला बसले. 'किशोर यांस, अंक माझ्यासारख्यांसाठीच निघत होता. तुमच्या वडिलांना पावरी कोणी शिकवली, ते कळवावं. दोन्ही नावं छापायची आहेत. पान थांबवलं आहे.'

पहिलं वाक्य त्यांना पुन्हा सारवासारवीचं वाटलं. खोडायला पेन उघडलं.

"द्या, मी टाकून येते," सृष्टी म्हणाली.

"तू आधी ते अंक उचल," म्हणत त्यांनी पेन बंद केलं, पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतः टाकून आले.